अर्धा मैल

१

आमच्या गावाला सडक आली, पण तिच्यावरनं जायची परवानगी एकट्या मला होती. हसू नका. निजामाच्या राज्यात असल्या गोष्टी सर्रास व्हायच्या.

जळकोटपासून आमचं गाव नऊ मैल, लोहाऱ्याच्या अंगाला. मुरूम टाकून, पाणी मारून, दगडी रूळ फिरवून सडक तयार झाली होती. अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, मोटारीतून येऊन ती बघणार होते. कधी येणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर गाड्यांच्या लोखंडी धावेनं मुरूम उखडू नये म्हणून दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली होती. गाड्या, ढोरं, माणसं सगळी खालच्या जुन्या गाडीवाटेनं धूळ खात जायची. आणि वरनं मी, शांतलिंग मास्तर, सायकलीवर. सडकेच्या दरोग्याला मी एकदा उर्दूत दरख्वास्त लिहून दिली होती. तो खूश होऊन म्हणाला, "मास्तरसाब, रबर के चाक से क्या बिगडता है? आप जाओ."

झालं! मी रोज राजासारखा जायचो. जळकोटच्या शाळेत मी मास्तर. उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची. अकराला सुटली की सायकलीवर टांग टाकायची, बाराच्या सुमाराला घरी. लढाईचे दिवस, टायर सोन्याच्या भावानं मिळायचे, तरी सायकल मी पोरासारखी जपली होती. पोर म्हटल्यावर आठवलं, तेही सांगून टाकतो. माझी बायको शिवकांता दिवसांत होती, नववा लागत होता. याआधी दोन लेकरं झाली आणि दोन्ही हाताला लागली नाहीत. एक तर रडलंसुद्धा नाही. त्यामुळं या खेपेला घरात कोणी मोठ्यानं हसतही नव्हतं.

सडकेची राखण गोरोबादादाकडं होती. म्हातारा रोज संध्याकाळी बाभळीची मोठी फांदी दोरीनं ओढत नऊच्या नऊ मैल मुरूम सारखा करायचा. सकाळी बघावं तर सडक पुसलेल्या पाटीसारखी. तिच्यावर दिवसभरात रेघ उमटायची ती फक्त माझ्या चाकाची. मला त्याचा भलताच गर्व होता.

२

आता माझी चूक सांगतो. ती आमच्या लोकांवाचून दुसऱ्या कोणाच्या हातनं झालीच नसती.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, नवं धोतर नेसवून, मांडी घालून बसवतात. सजवलेल्या लाकडी आसनावर बसवून नेतात आणि बसलेलाच पुरतात. वाटेत एका जागी आसन खाली टेकवायचं, त्याला विसावा म्हणतात.

त्या दिवशी मी चौथ्या मैलाच्या दगडापाशी आलो. तिथं सडकेच्या कडेला एक लिंब आहे. ऊन असं तापलं होतं की समोरचा मुरूम हलताना दिसत होता. लिंबाखाली एक म्हातारा बसलेला. पांढरंशुभ्र धोतर, कपाळभर भस्म, गळ्यात माळ. मला वाटलं, कुणा यजमानाकडं निघालेले स्वामी असतील, ऊन झालं म्हणून टेकलेत. आणि मला ही सवय, वाटेत वडीलधारं दिसलं की चार शब्द बोलल्याशिवाय पाय पुढं निघत नाही. शिवाय सायकल दाखवायची हौस!

मी वेग कमी केला आणि म्हणालो, "शरणार्थी, स्वामी. ऊन लई झालंय. चला, बसा मागं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण माझा स्वभाव आतून चिकट. टायर नवा, स्वामी अंगापिंडानं बरे दिसत होते, त्यांना घरापर्यंत कशाला ओढायचं? म्हणून मी पुढं जोडलं, "अर्धा मैल पुढं सोडतो."

ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात खालच्या विहिरीकडनं पाच-सहा माणसं ओल्या तोंडानं वर आली. त्यांच्यातला एकजण फिसकन हसला. "काय मास्तर, कोणाला बसवताय? आमचे अप्पा काल रात्रीच गेले."

मग मला ते आसन दिसलं. छातीवरनं मागच्या खांबाला बांधलेलं उपरणं दिसलं. मी जीभ चावली, हात जोडले, तेही हसले, मीही हसलो. त्यांच्यात एक म्हातारा होता, तो मात्र हसला नाही. माझ्याकडं न बघता त्यानं माझ्या सायकलीचं कॅरिअर तेवढं बघितलं.

पुढं पायडल जरा जड लागत होतं. उलटा वारा असेल म्हणून मी सोडून दिलं. त्या दिवशी वारा नव्हता, हे मला नंतर आठवलं.

३

चार दिवसांनी सकाळी गोरोबादादानं मला काट्यांपाशी अडवलं.

"मास्तर, रागवू नका. दुपारच्याला मागं कोणाला बसवून आणता?"

"कोणाला नाही."

"न्हाय कसं? म्या रोज सडक पुसतो. चाकाची भाषा मला कळती." त्यानं तंबाखू थुंकली. "जाताना तुमची रेघ पातळ हाय. येताना बी पातळच. पण मधीच अर्धा मैल मागचं चाक रुततंय. पयल्या दिवशी लिंबापासनं साडेचार मैलांपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिथनं पाचव्या दगडापर्यंत. मग साडेपाच. काल सहावा दगड."

मी म्हणालो, "मुरूम तिथं मऊ असेल."

"रोज पुढं सरकून मऊ होतो व्हय?"

मास्तर माणसाला असं बोललेलं खपत नाही. मी म्हणालो, "गोरोबादादा, हातच्या काकणाला आरसा कशाला? दाखवा चला."

त्यानं कालची खूण मुद्दाम पुसली नव्हती. सहाव्या दगडापाशी मला नेलं. खोल रेघ दगडापर्यंत आली होती आणि तिथनं पुढं एकदम पातळ. कडेला उतरल्याचं पाऊल कुठंच नव्हतं. पाऊल नव्हतं, पण मुरूम दबलेला होता. मागं रुंद, गोलसर. पुढं दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे दोन खळगे. मांडी घालून कोणी दिवसभर बसावं, तसा ठसा होता तो.

"कुत्रं बसलं असेल," मी म्हणालो.

गोरोबादादानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "कुत्रंच असंल."

४

मी मुकाट बसणारा नव्हे. तो पाचवा दिवस. काड्यापेटी खिशात होतीच. आधी तिथंच गोरोबादादाला मागं बसवून वीस हात सायकल चालवली आणि रेघेत काडी उभी करून खोली मोजली. म्हातारा हाडकुळा, पण उंच. काडी अर्धी बुडाली.

दुपारी परत येताना सहावा दगड ओलांडला आणि पायडल जड झालं. मी मागं हात घातला. कॅरिअरवर काहीच नव्हतं. लोखंड मात्र गार होतं. बाराच्या उन्हात, जिथं सीटवर बसवत नव्हतं, तिथं ते लोखंड रांजणासारखं गार! मी हात काढून घेतला. साडेसहा मैलांवर सायकल हलकी झाली. उतरलो, काडी लावली. अर्धी बुडाली.

सहाव्या दिवशी मी बसलोच नाही, सायकल हातानं ढकलत आणली. रेघ तशीच, साडेसहापासून सातव्या दगडापर्यंत खोल.

मग मात्र माझी पाचावर धारण बसली. मी हिशेब मांडला. नवव्या दगडाशी आमच्या गावाची शीव, आणि शिवेला लागूनच माझं घर. उरले दोन मैल, म्हणजे चार दिवस. घरात शिवकांता ओसरीवर पाय पसरून बसलेली असायची आणि मला बघून म्हणायची, "आज लई घामाघूम झालात की वो." मी म्हणायचो, ऊन आहे. दोन लेकरं गेलेल्या बाईला मी काय सांगणार?

सातव्या दिवशी सायकल शाळेतच ठेवली. सडकेवर पायसुद्धा टाकला नाही, खालच्या गाडीवाटेनं चालत निघालो. सडकेवरचा सातवा दगड खालनं दिसला, तशी मी पावलं उचलली. आणि खांदे दुखायला लागले. जोंधळ्याचं पोतं पाठीवर घेतल्यासारखी कंबर वाकली. मी 'ॐ नमः शिवाय' म्हणत, मान खाली घालून, तसाच रेटत राहिलो. साडेसातच्या समोर पाठ मोकळी झाली. वळून बघितलं. धुळीत माझीच पावलं, टाचा खोल रुतलेल्या. आणि अगदी माझ्या मागं, गाडीच्या चाकोरीत, तो बसल्याचा ठसा.

त्या दिवशी मी घरापर्यंत पळत गेलो. चाळीस वर्षांचा मास्तर, धोतराचा काचा धरून पळत होतो. लाज वाटली नाही.

५

गोरोबादादा म्हणाला, "मास्तर, येऊच नका इकडं. तुम्ही आलाव न्हाय तर ते तरी कसं यील?"

बोलणं खरं होतं. मी शिवकांताला थाप मारली की शाळेची तपासणी आहे, आठ दिवस जळकोटलाच राहतो.   ती म्हणाली, "या खेपेला तरी जवळ असताव तर बरं झालं असतं."

हे वाक्य मला शाळेत झोपू देईना. शेजारच्या गंगम्माकाकू तिच्याजवळ होत्या, पण त्या पडल्या म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू. मनाशी म्हणायचो, शांतलिंगा, तू लांब आहेस तोवर ते साडेसातला बसून आहे. तुझी बायको त्याच्यापासून दीड मैल लांब आहे. लांबच बरी. अशा चार रात्री काढल्या.

पाचव्या दिवशी सकाळी वर्गात पाढे चालले होते. दारात गोरोबादादा उभा. पळत आला होता, धापा टाकत होता.

"पहाटेपासनं कळा हायेत. लेकरू आडवं हाय म्हणत्यात गंगम्मा. सुईण घिऊन या, बिगी बिगी. न्हायतर दोघं बी..."



इकडं आड, तिकडं विहीर. जावं, तर कोणाला घेऊन जातोय ते मला ठाऊक. न जावं, तर बायको गेली. पण मी पुन्हा हिशेब केला, मास्तराचं डोकं! ते रोज अर्धाच मैल येतं. आज साडेसातपासून आठपर्यंत येईल. तरी घर एक मैल लांब राहील. एकदा लेकरू हाताला लागलं की बायको-लेकराला दुसऱ्या वाटेनं गावाबाहेर काढीन आणि या सडकेकडं आयुष्यात फिरकणार नाही. शिवाय आज कॅरिअरवर सुईण असणार. जागाच नाही! मला त्या विचारानं हायसं वाटलं.

६

पार्वतम्मा जळकोटची नावाजलेली सुईण. हाताला यश होतं, आडवी लेकरं फिरवून सरळ करायची. पण तोंडाची टकळी बंद म्हणून नाही. तिला मागं बसवलं, बोचकं मांडीवर दिलं आणि म्हणालो, "पार्वतम्मा, एक ऐका. वाटेत कोणी दिसलं तरी बोलायचं नाही."

"अय्यो, का वो?"

का ते सांगायला पाहिजे होतं. शपथ घालायला पाहिजे होती. पण शिकल्या-सवरलेल्या मास्तरानं सुईणीला असलं काय सांगायचं, म्हणून मी म्हणालो, "घाई आहे म्हणून."

"मग काय तोंडानं पायडल मारताव व्हय?" ती हसली.

मी सायकल हाणली. ऊन चढत होतं. चौथा दगड गेला, लिंब गेला. लिंबाखाली काही नव्हतं. पार्वतम्मा आमच्या चौकशा करत होती. आधीची दोन कितव्या महिन्यात गेली, सुईण कोण होती. सहावा गेला. सातवा गेला. मी नजर पुढच्या चाकावर धरली. सातच्या पुढं मुरूम पुन्हा हलल्यासारखा दिसू लागला. मनात म्हणालो, बघायचं नाही. आज जागा नाही.

"मास्तर, हळू घ्या जरा," पार्वतम्मा म्हणाली. "स्वामी बसलेत बघा कडेला. शिव शिव, काय हे ऊन!"

"बोलू नका!" मी ओरडलो.

"काय माणूस हाय! देवासारखे स्वामी, आन् बोलू नका?" आणि मला थांबवायला सवड मिळायच्या आत तिनं हाक दिली. आमच्यात लेकरू जन्मलं की स्वामी त्याला लिंग बांधतात, हे तिला माहीत होतं. तिनं भल्यासाठीच हाक दिली. "शरणार्थी स्वामी! आज मास्तरांच्या घरी लेकरू येतंय. चला की, तुमच्याच मांडीवर द्यायचंय. घरापर्यंत चला."

घरापर्यंत.

"थांबा, मी सरकते," ती मागं कोणाला तरी म्हणाली. "हां, बसा असं."

सायकल अशी दबली की मागचं चाक मुरमात गेलं. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. माझ्या पाठीला गार लागत होतं. मला थांबता आलं असतं का? तुम्हीच सांगा. थांबून करायचं काय? त्याला उतर म्हणायचं, तर तो माझ्या आज्ञेत नव्हता. पार्वतम्माला उतरवायचं, तर तिकडं शिवकांता मरत होती. मी पायडल मारत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी पायडल मारत होतो. आठवा दगड आला. मी वाट बघितली, सायकल हलकी होईल. आठवा दगड मागं गेला.

"बोलत न्हाईत स्वामी," पार्वतम्मा म्हणाली. "मौन असंल."

७

दारात सायकल टेकवली आणि तेव्हा मागं बघितलं. पार्वतम्मा एकटीच उतरत होती. "स्वामी, टेका ओसरीवर," असं रिकाम्या ओसरीकडं म्हणून ती लगबगीनं आत गेली. मी ओसरी बघितली, कोपरे बघितले, दाराआड बघितलं. कोणी नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यानं जायचं नसतं, म्हणून मी दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसलो. आत कोणी जायचं तर माझ्या अंगावरनं जावं लागेल, असा बसलो.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. आत शिवकांता ओरडत होती. गंगम्माकाकू चुलीवर पाणी तापवत होत्या. मी देवाला म्हणत होतो, माझ्या तोंडातून गेलं ते माझ्यावर काढ.

आणि लेकरू रडलं. ठणठणीत! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी उंबऱ्यावरच कपाळ टेकलं. आयुष्यात तेवढा आनंद मला झाला नव्हता, पुढंही नाही.

दार उघडून पार्वतम्मा बाहेर आली, हात रक्तानं भरलेले, तोंडावर हसू. "लेक झाली मास्तर. दोघी खुशाल हायेत. पाठ वळली हुती लेकराची, पण फिरवली मी." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "पण स्वामींना तेवढं सांगा बाई कोणीतरी. मोठी माणसं, मी काय बोलणार? असं बाळंतिणीच्या खोलीत येऊन बसतात व्हय?"

"कोण?"

"ते काय, कोपऱ्यात. मी आत गेले तवापासनं हायेत. मांडी घालून बसलेत, हूं न्हाई की चूं न्हाई." ती हात धुवायला परसात गेली. जाताना तिनं दार ओढून घेतलं.

फटीतून कोपऱ्याचा हातभर तुकडा दिसत होता. पांढरं धोतर. त्यातला एक गुडघा. त्याच्याखाली शेणानं सारवलेली जमीन दबली होती. आतून भस्माचा आणि कोमेजलेल्या झेंडूचा वास येत होता. मला हाक मारायची होती. शिवकांता, डोळे उघडू नकोस, काही बोलू नकोस. पण हाक ऐकली की ती बोलणारच. लेकरू आत रडतच होतं.

मग शिवकांताचा आवाज आला. थकलेला, पण किती वर्षांनी सुखात असलेला.

"स्वामी, शरणार्थी. पायाला हात लावाया उठवत न्हाई, माफी करा. दोन गेली वो माझी. हिला तुमच्या मांडीवर देते. जड वाटंल, पण असू द्या तुमच्याकडंच. माझा जरा डोळा लागतोय."

लेकराचं रडणं थांबलं.

दाराला आतून कडी नव्हती, नुसतं ओढलेलं होतं. मी हात पुढं केला. फळीचं लाकूड गार लागलं. परसात पार्वतम्मा तांब्यानं हातावर पाणी घेत होती, त्याचा आवाज येत होता.